स्पर्धास्थिती, संगणकीय

संगणकाच्या सामायिक स्मृतीतील एकाच माहितीवर दोन किंवा अधिक कार्ये एकाच सुमारास चालू असताना त्यांचे फलित कोणते कार्य आधी पोहोचते या योगायोगावर अवलंबून राहिले, तर त्या अवस्थेस स्पर्धास्थिती किंवा रेस कंडिशन म्हणतात. परिचालन प्रणालीच्या जाळेविषयक भागात ती उद्भवल्यास सामान्य वापरकर्त्याच्या हाती संपूर्ण यंत्राचा ताबा जाऊ शकतो.

आलेल्या माहिती-पुडक्यांची संख्या ४१ आहे असे समजू. दोन प्रक्रियकांनी ती एकाच वेळी वाचली, प्रत्येकाने तीत एक मिळविला आणि ४२ लिहून ठेवले, तर ४३ ऐवजी ४२ ही संख्या उरते. दोघांपैकी कोणाचीही आकडेमोड चुकलेली नसते.

कोकण रेल्वेच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एकेरी मार्गावरून हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कणकवली व सिंधुदुर्ग या स्थानकांतील अधिकाऱ्यांनी मधला खंड रिकामा असल्याचे केवळ पाहून आपापली गाडी सोडावयाची असती, तर दोघांचे पाहणे खरे असूनही गाड्या समोरासमोर आल्या असत्या. कारण पाहणे व सोडणे यांच्या दरम्यान दुसऱ्यासही तेच करता येते. म्हणून दुसऱ्या स्थानकाची संमती मिळून तो खंड एका गाडीसाठी राखला गेल्याखेरीज तीस पुढे जाण्याचा सिग्नल मिळत नाही. एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात एका वेळी एकाच कार्यास प्रवेश देणारे जे साधन सुचविले, त्यास त्याने सेमाफोर हे रेल्वेच्या सिग्नलाचेच नाव दिले.

जाळे-चालक, म्हणजे जाळे-पत्रिका व परिचालन प्रणाली यांना जोडणारी आज्ञावली, या दोषास विशेष बळी पडते. पुडके आले की पत्रिका प्रक्रियकास व्यत्यय-संकेत देते. चालक ते पुडके चक्राकार साठवणीत ठेवतो आणि दुसरे कार्य ते तेथून उचलते. त्याच क्षणी वापरकर्ता जोडणी बंद करीत असेल, तर साठवण मोडीत निघालेली, पण तिच्याकडे येणारा संकेत वा गजर मात्र वाटेत, असे घडते. मोकळी झालेली स्मृती तोवर अन्य कामास दिली गेलेली असते.

याचे बोधप्रद उदाहरण लिनक्सच्या गाभ्यात, चालकाच्या लगतच्या पॅकेट सॉकेट या भागात, आढळले. फिलिप पेटर्सन यांनी शोधलेला हा दोष (सीव्हीई-२०१६-८६५५) डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला. तो गाभ्यात २०११ पासून होता. साठवणीच्या तिसऱ्या आवृत्तीस एक कालमापक जोडलेला असे, पहिलीस नसे. एक कार्य तिसऱ्या आवृत्तीची साठवण उभारीत असतानाच दुसऱ्याने आवृत्तीची नोंद बदलून पहिली केली, तर बंद करतेवेळी कालमापक थांबविण्याची पायरी गाळली जाई. साठवण नष्ट झाल्यावर तो कालमापक वाजे व मोकळ्या स्मृतीवर काम करू लागे. हल्लेखोर तेथे आधीच स्वतःची माहिती पेरून गाभ्याकडून हवे ते करवून घेऊ शकत असे. पॅकेट सॉकेटसाठी खास अधिकार लागतो खरा. पण अनेक लिनक्स वितरणांत वापरकर्त्यास स्वतःपुरते वेगळे जाळेक्षेत्र निर्माण करण्याची मुभा असल्याने तो तेथे आपोआप मिळे. हा हल्ला दूरवरून करता येत नसे. यंत्रावर आधी प्रवेश असावा लागे. तथापि एकाच यंत्रावर अनेक अपरिचितांची कामे चालतात अशा सेवा-केंद्रांत या अटीने फारसे संरक्षण मिळत नाही.

दुरुस्ती काही ओळींचीच होती : आवृत्ती तपासणे, बदलणे व साठवण उभारणे ही कामे एकाच कुलपाखाली आणली गेली. दोष पाच वर्षे टिकला याचे आश्चर्य वाटावयास नको. दोन कार्ये नेमकी त्या सूक्ष्म फटीत गाठली पाहिजेत, आणि तपासणीसाठी जादा आज्ञा घातल्या की काळाचे गणित बदलून दोष अदृश्य होतो. हल्लेखोराला मात्र एकदाच यश हवे असते. तो हजारो वेळा प्रयत्न करू शकतो. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीत आलेले केसीसॅन हे साधन हीच युक्ती उलट वापरते. निवडक स्मृतिस्थानाकडे जाणाऱ्या कार्यास ते मुद्दाम क्षणभर थोपविते आणि तेवढ्यात दुसरे कोणी त्याच स्थानास हात लावते काय ते पाहते.