हवा वाढविली, पेट्रोलचे काय? : मोटारसायकलला बाजारातील एअर फिल्टर बसविणाऱ्या कारागिरांसाठी

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आमचे अनेक वाचक आहेत. कोणी उस्तादाच्या हाताखाली पान्हे उचलत शिकला आणि पुढे स्वतःचे गॅरेज टाकले, तर कोणी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांचे दुकान चालवितो. या सर्वांच्या ओळखीचे एक गिऱ्हाईक आहे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, हातात लाल कापडाचा, चकचकीत टोपीचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. "चाचा, हा बसवून द्या, गाडी पळाली पाहिजे." काम अर्ध्या तासाचे दिसते. कंपनीचा काळा डबा काढायचा, कार्बोरेटरच्या तोंडावर हा शंकू चढवायचा, क्लॅम्प आवळायचा. मजुरी शंभर-दोनशे रुपये. महिनाभराने तोच मुलगा गाडी ढकलत आणतो आणि वाद उभा राहतो तो पिस्टन आणि बोअरच्या खर्चाचा. शंभर रुपयांच्या कामापायी हजारांची जबाबदारी अंगावर येते आणि मोहल्ल्यात नाव जाते ते वेगळेच.

म्हणून हे काम करूच नये असे आम्ही म्हणणार नाही. मागणी आहे, तर ते कोणीतरी करणारच. पण ते अर्ध्या तासाचे काम नव्हे, आणि त्याची मजुरीही अर्ध्या तासाची घेऊ नये.

आधी हवेचा हिशेब पाहू. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो धरले तर त्याला जवळजवळ ११ किलो हवा हवी, म्हणजे मापाने नऊ हजार लिटरच्या घरात. इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते म्हणतात ते असे. आता ३५० सीसीची बुलेट घ्या. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला ५००० फेऱ्या असतील तर २५०० श्वास, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला असे धरले तरी ८७५ लिटर हवा. प्रत्यक्षात तो पूर्ण भरत नाही, म्हणून आकडा याहून कमीच. स्वच्छ असलेला कंपनीचा कागदी फिल्टर एवढी हवा आरामात सोडतो. त्याच इंजिनासाठी तो मोजून बनविलेला असतो. अडथळा असतो तो बहुतेक वेळा दोन वर्षे न बदललेल्या, धुळीने गच्च झालेल्या फिल्टरचा. असा फिल्टर काढून नवा कंपनीचा बसविला तरी गिऱ्हाईक म्हणेल, "वा, गाडी हलकी झाली!"

मग शंकू बसविल्यावर गाडी जोरात पळते असे मुलांना का वाटते? मोठे कारण आवाज. डबा गेल्यावर इंजिनाचा श्वास घेण्याचा घोगरा आवाज थेट मांडीखालून ऐकू येतो आणि कानाला ताकद वाढल्यासारखी वाटते. साध्या गाडीत, बाकी काही न बदलता, प्रत्यक्ष ताकदीत पडणारा फरक नगण्य असतो. पुष्कळदा खालच्या वेगातला पिकअप उलट कमीच होतो.

कारण तो काळा डबा म्हणजे केवळ फिल्टरचे घर नव्हे. इंजिन हवा सलग ओढत नाही, धक्क्याधक्क्याने ओढते. डब्यातील साठा हे धक्के पचवितो, कार्बोरेटरला शांत हवा देतो, पावसाचे पाणी अडवितो आणि आवाज दाबतो. डबा काढला की हे चारही प्रश्न कारागिराच्या अंगावर येतात.

पण सर्वात महत्त्वाचा प्रश्न पेट्रोलचा. कार्बोरेटरमधील जेट कंपनीने त्या डब्याच्या अडथळ्याचा हिशेब करून निवडलेला असतो. डब्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडाशी जी थोडी ओढ निर्माण होते तीही पेट्रोल वर खेचायला मदत करते. अडथळा काढला, जेट मात्र तोच ठेवला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी. असे मिश्रण गरम जळते. थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, चढावर गाडी अडखळते, प्लगचे टोक पांढरेफटक पडते. फटाक्यांवर मुले खूष असतात. कारागिराने खूष होऊ नये.

यात भर इथेनॉलची. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो. त्याच्या एका ग्रॅमला हवा सुमारे ९ ग्रॅमच लागते. म्हणजे साध्या पेट्रोलसाठी जेट बसविलेली जुनी कार्बोरेटरची गाडी या पेट्रोलवर आधीच हवेच्या बाजूला झुकलेली आहे. त्यावर शंकू म्हणजे दुखण्यावर दुखणे. जुन्या गाड्यांचे काही रबरही इथेनॉलला टिकत नाही, ते लवकर कडक होते, फुगते.

दोन स्ट्रोक गाडीत तर धोका दुप्पट. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९८५ ते १९९६ या काळात झाले, तरी तिचे वेड आजही कमी नाही आणि शंकू फिल्टर घेऊन येणारांत हिचे मालक पुष्कळ. दोन स्ट्रोकमध्ये आत येणारे मिश्रणच पिस्टन आणि तळाच्या बेअरिंगला थंडावा देते. कंपनीचा ऑइल पंप शाबूत असेल तर निदान तेल तरी वेगळे मिळते. पण अनेक गाड्यांचा पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळले जाते. तेथे पेट्रोल कमी पडले म्हणजे तेलही कमी पडले. हायवेवर पाच-सात किलोमीटर पूर्ण थ्रॉटल राहिला की पिस्टन पकडतो, आणि तोही वेगात असताना. मागचे चाक जाम होऊन गाडी घसरते. येथे प्रश्न पिस्टनच्या खर्चापुरता राहत नाही.

बसविण्याचे काम

प्रथम कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा. अंदाजाने आणलेला मोठा फिल्टर क्लॅम्प पिळून बसविला की रबराला घडी पडते आणि घडीतून गाळलेली नसलेली धूळ थेट आत जाते. लातूर-बीडकडचा फुफाटा असो की कोकणची तांबडी माती, रिंग आणि बोअर खायला तिला फार दिवस लागत नाहीत.

दुसरी गोष्ट पुष्कळ चांगल्या मेकॅनिकांच्याही नजरेतून सुटते. पल्सरसारख्या गाड्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये आणि २००९ नंतरच्या कार्बोरेटरवाल्या बुलेटमध्ये पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर असतो. अशा कार्बोरेटरच्या तोंडाच्या कडेवर लहान लहान भोके दिसतात. एकातून पायलट जेटला हवा मिळते, एकातून पडद्याखाली हवा जाते आणि तिच्याच जोरावर आतील स्लाइड वर उचलली जाते. शंकूच्या रबराची आतली कड या भोकांवर बसली की खेळ संपला. गाडी आयडलला थांबत नाही, वर रेस घेत नाही, आणि आपण दिवसभर जेट बदलत बसतो. रबराची कड आतून तिरकी कापून भोके मोकळी ठेवावीत. तरीही पडद्याच्या कार्बोरेटरला उघड्या फिल्टरचे वावडेच असते. बाजूचा वारा लागला तरी स्लाइड थरथरते. साध्या केबलने स्लाइड उचलणाऱ्या जुन्या मिकार्ब-मिकुनी जातीच्या कार्बोरेटरवर हे काम त्या मानाने सोपे.

मग नळ्या. डब्याला इंजिनाची ब्रीदर नळी जोडलेली असते. ती तशीच लोंबत सोडली तर तेलाची वाफ मागच्या टायरवर जाते. ती फिल्टरच्या टोपीवरील लहान नळीला जोडावी, किंवा तिला छोटा वेगळा फिल्टर लावावा. अनेक गाड्यांत डब्याच्या स्वच्छ बाजूकडून आणखी एक नळी सायलेन्सरकडील हवेच्या वाल्व्हला जाते. धूर कमी करण्यासाठी कंपनीने दिलेली ही हवा आहे. ही नळी उघडी ठेवली की वाल्व्हमध्ये धूळ जाते, आणि ती बुजवली तर पीयूसीच्या वेळी आकडा वाढतो. तिलाही गाळलेली हवाच मिळाली पाहिजे.

आधाराचेही पाहावे. डबा असताना कार्बोरेटरला दोन्ही बाजूंनी आधार असतो. डबा गेल्यावर कार्बोरेटर आणि फिल्टर दोन्ही पुढच्या रबरी मॅनिफोल्डवर लटकतात. जुने रबर थोड्याच दिवसांत तडकते. गाडी आयडलला ठेवून रबराभोवती पाण्याचा बारीक फवारा मारावा. रेस वरखाली झाली तर तेथून हवा शिरते आहे असे समजावे. फिल्टरला लहान पट्टीचा आधार दिला तर हा त्रास टळतो.

यानंतर खरे काम, जेटिंग. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण आठव्या भागापर्यंत पायलट जेटचा अंमल, मध्ये सुईचा, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा. सुरुवात मेन जेटपासून करावी. ९० चा असेल तर ९५, पुरला नाही तर १००. एकेक पायरीच चढावी. मग सुईची क्लिप एक खाच खाली लावावी. क्लिप खाली म्हणजे सुई वर आणि पेट्रोल जास्त. शेवटी बाजूचा स्क्रू. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढते. या दोहोंत गफलत करणारे कमी नाहीत.

प्रत्येक बदलानंतर नवा प्लग लावून मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर गाडी पूर्ण थ्रॉटलवर थोडी चालवावी, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि तेथेच प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग असावा. आजच्या पेट्रोलवर तो थोडा फिकाच दिसतो. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळी काजळी असेल तर जास्त. शंका राहिली तर एक पायरी जास्त पेट्रोलवर गाडी द्यावी. ॲव्हरेज थोडे पडेल, पिस्टन वाचेल. हे सर्व नीट करायला अर्धा दिवस जातो. म्हणूनच मजुरीचे आम्ही वर म्हटले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. इंजेक्शनच्या गाडीत जेट नाही. सेन्सर मॅनिफोल्डमधील दाब आणि हवेचे तापमान मोजतात व कॉम्प्युटर पेट्रोल ठरवितो. सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर सावकाश, एकसारख्या चालीत थोडीफार चूक सुधारून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र कॉम्प्युटर कंपनीने भरलेल्या तक्त्यावरच चालतो. तेथे हवा वाढली तर पेट्रोल आपोआप वाढेल अशी खात्री नाही. काही गाड्यांत तापमानाचा सेन्सर डब्यातच बसविलेला असतो. तो वायर कापून लोंबता सोडणे म्हणजे मीटरवर इंजिनाचा दिवा पेटवून घेणे. वेगळा कॉम्प्युटर जोडून तक्ता बदलता येतो, पण स्कॅनर आणि शिक्षण नसलेल्याने त्यात हात घालू नये. कंपनीची वॉरंटी चालू असलेल्या गाडीला तर आम्ही साफ नाही म्हणण्याचा सल्ला देऊ.

कायदा आणि बिल

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई कडक शब्दांत सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फिल्टर बदलणे म्हणजे रचना बदलणे का, यावर वाद घालता येईल. आवाज आणि धूर यांवर वाद घालता येत नाही, तो यंत्रावर मोजला जातो. २००० सालानंतरच्या जुन्या चार स्ट्रोक दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. बीएस ६ गाड्यांना त्याहून फार कडक. जेट वाढविल्यावर गाडी पीयूसी यंत्रावर तपासूनच ताब्यात द्यावी.

दुकानदारांनी नकली मालापासून सावध राहावे. तेलकट कापडाचे, धुऊन वापरण्याचे फिल्टर अमेरिकेतील के अँड एन या कंपनीने १९६९ पासून प्रसिद्ध केले, आणि आज तसेच डबे, तसेच रंग असलेला हलका माल सर्रास मिळतो. फिल्टर दिव्यासमोर धरावा. कोरड्या कापडातून थोडा उजेड येणारच, पण घडीच्या मुळाशी किंवा रबराच्या जोडाशी आरपार भोक दिसले तर तो फिल्टर नव्हे, जाळी आहे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर रोज कामाला जाणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या गाडीला शंकू नकोच. कंपनीच्याच डब्यात बसणारा धुण्याचा फिल्टर मिळतो. डबा राहतो, पाणी आत जात नाही, जेटला सहसा फारसा हात लावावा लागत नाही. विक्रेत्यालाही यात नफा बरा आणि तक्रार कमी. गिऱ्हाईक शंकूवरच अडून बसले तर बिलावर स्वच्छ लिहावे: कोणता फिल्टर, जुना जेट कोणता, नवा कोणता, प्लगचा रंग काय. खाली त्याची सही घ्यावी. सहीसाठी कागद पुढे केला की निम्मी मुले विचार बदलतात, असा अनेक गॅरेजवाल्यांचा अनुभव आहे.

फिल्टर धुण्याचे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगून ठेवावे. कापडाचा फिल्टर पेट्रोल-रॉकेलमध्ये बुचकळू नये, कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्याच्या औषधाने धुऊन सावलीत वाळवावा, मग प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ द्यावी. तेल विसरले तर धूळ अडत नाही, जास्त झाले तर ते कार्बोरेटरमध्ये उतरते. आणि काढलेला डबा, त्याच्या नळ्या व जुना जेट एका पिशवीत बांधून गाडीच्या मालकाच्याच हवाली करावा, भंगारात जाऊ देऊ नये. आरएक्स १०० चा चांगल्या स्थितीतला मूळ डबा आज शोधूनही पटकन मिळत नाही, आणि गाडी विकायची वेळ आली की घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.