गाडी जुनी, हात नवे!

नव्या गाडीचा ईएमआय नको आणि गॅरेजचं बिलही नको... मग उघडा की बॉनेट! जुन्या गाडीचं कोणतं काम घरच्या घरी जमतं, कोणत्या कामाला मुळीच हात लावायचा नाही आणि यात खरंच पैसे वाचतात का, याचा हा रोखठोक हिशेब.

नागपूरहून वर्ध्याला जाताना, वर्धा येण्याच्या थोडं आधी धाम नदीवरचं पवनार लागतं. वीकएंडला इथे येणारे बहुतेक जण नदीकाठी दोन फोटो काढतात, आश्रमात चक्कर मारतात आणि परततात. पण या गावाची एक गोष्ट खास आपल्यासारख्या महिनाअखेरवाल्यांसाठी आहे! १९३८ मध्ये विनोबा भावे इथे राहायला आले. पुढे १९५०च्या सुमारास त्यांनी इथे एक भन्नाट प्रयोग केला. त्याचं नाव कांचनमुक्ती. म्हणजे पैशावरचं अवलंबून राहणं सोडायचं आणि लागेल ते स्वतःच्या मेहनतीने मिळवायचं. सोबतीला बैल न वापरता केलेली ऋषिशेती. विहिरीचा रहाट फिरवायलाही माणसंच!

आता आपण काही कांचनमुक्त होणार नाही. फोनचा हप्ता चालू आहे ना! पण 'आपलं काम आपल्या हाताने' हे सूत्र घरासमोर उभ्या असलेल्या जुन्या गाडीला लावून बघायला काय हरकत आहे?

बिलात असतं काय?

सगळ्यात आधी गॅरेजचं मागचं बिल काढा आणि त्याचे तीन भाग करा. पहिला पार्ट्सचा. दुसरा लेबरचा, ज्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि तिसरा 'इतर', म्हणजे इंजिन ड्रेसिंग, इंटिरियर क्लिनिंग, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट. पार्ट तर तुम्हालाही विकतच घ्यावा लागणार. वाचतो तो दुसरा भाग, आणि तिसऱ्यातला बराचसा मुळात लागतच नाही. गाडी साधी असेल आणि काम छोटं असेल, तर बिलात पार्टपेक्षा लेबरच जास्त दिसतं. तुमची बचत नेमकी तिथे आहे.

शिकायला गाडी कोणती? बाबांची जुनी मारुती ८०० घरात असेल, तर तुमच्यासारखे लकी तुम्हीच! १४ डिसेंबर १९८३ ला पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षांत या गाडीने अख्ख्या मध्यमवर्गाला ड्रायव्हिंग शिकवलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे स्पार्क प्लगही तीनच. बॉनेटखाली हात घालायला जागा भरपूर आणि वरती प्लॅस्टिकची झाकणं नाहीत. रिपेअरिंगचा श्रीगणेशा करायला याहून बरी पाटी मिळणार नाही.

इथून सुरुवात करा

बॅटरी : टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुकटी जमली की सकाळी गाडी कुरकुरते. आणि आपण लगेच 'बॅटरी गेली' म्हणून नवी घ्यायला निघतो! थांबा. आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, पुसून कोरडं करा आणि वायर जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जोडताना क्रम उलटा, म्हणजे मायनस शेवटी. गाडी तरीही उठली नाही, तरच दुकानात जा.

एअर फिल्टर : विदर्भातला उन्हाळा म्हणजे धुळीचा महापूर. फिल्टरचं झाकण बहुतेक जुन्या गाड्यांत क्लिपांवर किंवा दोन-चार नटांवर असतं. फिल्टर काढा आणि आतून बाहेर हवा मारा. फारच काळा झाला असेल तर बदला. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

स्पार्क प्लग : इंजिन गार असताना आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा, पाना शेवटी लावा. जुना प्लग फेकण्याआधी नीट बघा. तो तुमच्या इंजिनचा ब्लड रिपोर्ट असतो! फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट दिसला तर मात्र मेकॅनिककडे जायची वेळ झाली.

कूलंट : मे महिन्यात वर्धा-नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गाडी तापणं नेहमीचंच. नळाचं पाणी ओतत राहिलात तर आत क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आणि काहीही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

टायर : हवा गाडी गार असताना तपासा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्याआधीच टायर बदला. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. समृद्धी महामार्गावर जुनी गाडी काढणार असाल, तर हे पाच मिनिटांचं चेकिंग कुठल्याही सर्व्हिसिंगपेक्षा मोलाचं आहे. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास वेगात पळताना म्हातारा टायर दया दाखवत नाही.

वायपरची रबरं, फ्यूज आणि हेडलाइटचे बल्बही याच यादीत. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट मात्र लावू नका. हाताच्या तेलकटपणाने तो लवकर उडतो.

इथे थांबा!

हौसेला मोल नसलं तरी जिवाला आहे. ब्रेक, स्टीअरिंग, टायमिंग बेल्ट, एअरबॅग, एसीचा गॅस आणि सीएनजी किट ही कामं जाणकाराचीच. ब्रेक ऑइलची पातळी जरूर बघा, ते हवेतला ओलावा शोषतं आणि मुदतीनंतर बदलावं लागतं हेही लक्षात ठेवा. पण बदलायचं काम मेकॅनिकला द्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा शिरू नका. खाली मजबूत स्टँड हवाच. यूट्यूबवरचा व्हिडिओ कितीही सोपा वाटला, तरी तुमच्या गाडीचा ब्रेक तुम्हालाच दाबायचा आहे.

इंजिन ऑइल घरी बदललंत, तर जुनं तेल कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जिथून ते रिसायकलिंगला जातं. नालीत ओतलेलं तेल शेवटी नदीत जातं, मग ती नागपूरची नाग नदी असो की पवनारची धाम.

पार्टवर तुमचाही हक्क

'हा पार्ट फक्त कंपनीतच मिळतो,' हे वाक्य ऐकलंय ना? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण ग्राहकाचा प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पार्ट घेताना जुना सोबत न्या, पार्ट नंबर जुळवा आणि पक्कं बिल घ्या. डुप्लिकेट फिल्टर एक वेळ चालून जाईल, डुप्लिकेट ब्रेक पॅड नाही.

पण गाडी ठेवायची की विकायची?

पान्याने न सुटणारा खर्चही असतो, तो आधी मोजा. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. कारसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. गाडी २० वर्षांपुढची असेल, तर ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार १०,०००. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी आहेतच.

हे सगळं एका कागदावर मांडा. शेजारी नव्या गाडीचा बारा महिन्यांचा ईएमआय लिहा. पत्रा गंजून खालून भोकं पडली असतील किंवा इंजिन तेल पीत असेल, तर भावनेला आवर घाला आणि गाडीला निरोप द्या. पण बॉडी धड असेल आणि कुरबुरी फक्त वरवरच्या असतील, तर जुनी गाडी हाच शहाणपणाचा सौदा.

किटमध्ये काय हवं?

रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हवेचं गेज, टेस्टर, जम्पर केबल, हातमोजे, टॉर्च आणि एक वही. वहीत तारीख, किलोमीटर, बदललेला पार्ट आणि किंमत लिहायची. गाडी २०१३ नंतरची असेल, तर फोनला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनरही घ्या. चेक इंजिनचा दिवा का लागला, याचा अंदाज गॅरेजमध्ये जाण्याआधीच येतो.

आणि खरी कमाई तीच. पुढच्या वेळी मेकॅनिकने 'साहेब, प्लग बदलावे लागतील' म्हटलं की मान डोलावण्याऐवजी तुम्ही विचाराल, 'काढून दाखव ना, कसे झालेत?' बिल तिथूनच कमी व्हायला लागतं!