रस्त्याखालून पाइपलाइन नेताना

विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि रान दुसऱ्या अंगाला, असं बऱ्याच जणांचं असतं. मग पाइपलाइन रस्त्याखालून न्यावी लागते. पाइप टाकला, वर माती लोटली, की काम झालं असं समजू नका. पहिल्या पावसात ती माती खचते. मग अंधारात मोटारसायकलवरून येणारा आपलाच गाववाला त्या चरात आपटतो, उसाची ट्रॉली तिथंच रुतते.

खोदण्याआधी : रस्ता कुणाच्या ताब्यातला आहे ते विचारा. त्याप्रमाणे ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्याकडे लेखी अर्ज करा. परवानगी म्हणजे नुसती खोदायची मुभा नव्हे. रस्ता होता तसा करून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. अनामत रक्कम घेतात ती त्यासाठीच. खोली, मुदत व इतर अटी नीट वाचून घ्या. पैशाची पावती जपून ठेवा.

खोदताना : चर रस्त्याला काटकोनात घ्या. आधी अर्धा रस्ता खोदा, तो बुजवून झाल्यावर उरलेला. म्हणजे येणं-जाणं बंद पडत नाही. पाइप मोठ्या सिमेंटच्या नळातून न्या. चाकाचा भार पाइपवर येत नाही आणि पुढं बिघाड झाला तर रस्ता न खोदता पाइप ओढून काढता येतो. रात्री दोन्ही बाजूंना तांबडा दिवा लावा.

बुजवताना : काळी माती भरू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. चांगला मुरूम घ्या. अर्ध्या फुटाचा थर द्या, पाणी शिंपडा, धुम्मसानं चोपा, मगच पुढचा थर द्या. सगळा चर एकदम भरून वरून चोपला तर खालचा भराव पोकळच राहतो. वरचा थर मूळ रस्त्यासारखा करा. डांबरी रस्ता असेल तर डांबराचं काम कोण करणार व खर्च कसा भरायचा, हे आधीच विचारून घ्या. उरलेली माती बाजूच्या गटारात लोटू नका. पाणी तुंबून रस्ता पुन्हा खराब होईल.

काम झाल्यावर पाहणी करून घ्या, तशी लेखी नोंद मागा, मग अनामत परत मिळण्यासाठी अर्ज द्या. पहिला मोठा पाऊस झाला की स्वतः जाऊन बघा. खड्डा दिसला तर त्याच दिवशी मुरूम टाकून चोपा.