खैरलांजीच्या निकालात जात कुठे गेली?

फौजदारी न्यायाचा अभ्यास करणाऱ्यांना खैरलांजीच्या निकालात एकच गोष्ट सतत खटकत आली आहे. गुन्हा सिद्ध झाला, फाशीही सुनावली गेली. मग जात गेली कुठे?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. दलित घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भय्यालाल आणि सुरेखा भोतमांगे यांची स्वतःची शेती होती, मुलं शिकत होती आणि शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. सप्टेंबर २००६च्या सुरुवातीला त्यांच्या नात्यातल्या, शेजारच्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने हल्लेखोरांची ओळख पटवली. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी, जमावाने सुरेखाबाई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारलं. भय्यालाल वाचले.

तपास सीबीआयकडे गेला. अकरा जणांवर खटला चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पुढे सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. मात्र अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याचं, म्हणजे अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, विनयभंगाचा आणि कटाचा आरोपही टिकला नाही. न्यायालयाच्या मते हेतू सूडाचा होता. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली; जातीबाबतचा निष्कर्ष तोच राहिला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे आनंद तेलतुंबडे यांनी २००८मध्येच या प्रकरणावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. स्वतःची जमीन असलेलं, शिकू पाहणारं दलित कुटुंब गावाला का खुपतं, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. सूड होता, हे खरंच. पण साक्ष दिली म्हणून चौघांचा जीव घेण्याची हिंमत गावात कुणाच्या बाबतीत होते? दोन कारणं एकत्र नांदू शकतात, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. निकालपत्रात त्याला जागा मिळाली नाही.

थोडा दोष कायद्याच्या मसुद्यातही होता. १९८९च्या या अॅट्रॉसिटी कायद्यातल्या कलम ३(२)(५)नुसार पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला, असं सिद्ध करावं लागे. मारेकरी मनात काय होतं ते बोलून दाखवत नाही, त्यामुळे खून सिद्ध व्हायचा आणि हे कलम गळून पडायचं. २६ जानेवारी २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अडथळा दूर केला: जात ठाऊक असताना गुन्हा केला, एवढं पुरे. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असं न्यायालयाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. लहान गावात हे दाखवणं सोपं नाही.

२७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांचाही अर्थ सैल केला. जात हे एकमेव कारण असायला हवं असं नाही, अनेकांपैकी एक असलं तरी चालेल. तरीही पुराव्याअभावी त्या खटल्यातही अॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली. अंध दलित तरुणीवरच्या बलात्काराची जन्मठेप मात्र कायम राहिली.

भय्यालाल २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. दुरुस्ती तेव्हा लागू झालेली होती, पण ती पूर्वलक्षी नाही. २००६चा खून जुन्याच शब्दांनी मोजला जातो.