ऑइलची गळती आणि दुरुस्तीचे बिल

कात्रजचा घाट चढताना गळतीमुळे ऑइलची पातळी फारच उतरलेली असेल, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, पेलणारी बेअरिंगे घासून निकामी होतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे, त्यामुळे तो लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. या दांड्याच्या मागच्या टोकाचे ऑइल सील तसे स्वस्तच, परंतु ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने बिल फुगते ते मजुरीने. नेहमीचा मोटार विमा झीज व यांत्रिक बिघाड भरून देत नाही. सदोष दुरुस्तीबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी लागणारे तपशीलवार बिल आणि काढलेले जुने भाग मागून घेण्याची तसदी फार थोडे गाडीमालक घेतात.