अध्यापकाचे ऑनलाइन परिचयवृत्त : ‘विद्वान’ व ‘आयरिन्स’ सेवांतील नव्या सोयी आणि मराठीतील संशोधनलेखन

बीजसंज्ञा : परिचयवृत्त, विद्वान, आयरिन्स, ऑर्किड, डीओआय, युनिकोड, मराठी संशोधनलेखन

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाचा वापर उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात वाढत गेला, तसतसे अध्यापकाच्या परिचयवृत्ताचे स्वरूपही पालटत गेले. पूर्वी मुलाखतीस जाताना टंकलिखित बायोडाटा, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आणि प्रसिद्ध लेखांच्या झेरॉक्स एवढे साहित्य फाईलमध्ये घेतले की काम भागत असे. हा बायोडाटा अध्यापक स्वतः लिहीत असे, स्वतःच्या कपाटात ठेवत असे आणि गरज पडेल तेव्हाच दुसऱ्याच्या हाती देत असे. (‘बायोडाटा’ हा शब्द मराठीत आता नोकरीपेक्षा विवाहाच्या संदर्भातच अधिक ऐकू येत असल्याने येथे ‘परिचयवृत्त’ हा शब्द योजला आहे.) इंटरनेटच्या आगमनानंतर या तिन्ही गोष्टी बदलल्या. भारतात १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. २००३ मध्ये अमेरिकेत लिंक्डइन सुरू झाले. परंतु या सेवांची रचना मुख्यतः उद्योगक्षेत्रातील नोकरभरती डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. शोधनिबंध, मार्गदर्शन केलेले प्रबंध, संपादित ग्रंथ ही अध्यापकाची खरी मिळकत असून तिला अशा संकेतस्थळांवर दुय्यम स्थान मिळते.

अध्यापक व संशोधक यांचाच विचार करून उभी राहिलेली भारतीय सेवा म्हणजे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ ही माहितीसंचिका आणि तिच्या आधारे चालणारी ‘आयरिन्स’ ही प्रणाली. या सेवांमध्ये व त्यांना जोडलेल्या ‘ऑर्किड’ या आंतरराष्ट्रीय नोंदणीमध्ये गेल्या काही वर्षांत कोणत्या सोयी आल्या आणि त्या कशा चालतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यातील जवळजवळ प्रत्येक नवी सोय ज्याच्या लेखनाला संगणक ओळखू शकेल असा क्रमांक आहे, त्याच्याच उपयोगी पडते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी मराठीतून लिहिणाऱ्या अध्यापकाचे पान मात्र बरेचदा रिकामे राहते आणि ते रिकामपण वाचणाऱ्यास अध्यापकाचे वाटते, यंत्रणेचे वाटत नाही.

‘विद्वान’ आणि ‘आयरिन्स’

इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठीय केंद्र असून १९९१ मध्ये एक कार्यक्रम म्हणून त्याची सुरुवात झाली. ‘विद्वान’मध्ये देशभरातील अध्यापक व संशोधक यांची परिचयवृत्ते ठेवली जातात. शासकीय समित्या, तज्ज्ञ मंडळे, लेखपरीक्षण यांसाठी योग्य व्यक्ती शोधता यावी, हा तिचा एक प्रमुख हेतू आहे. नोंदणी करणाऱ्यास एक विद्वान क्रमांक मिळतो आणि त्याखाली शिक्षण, अनुभव, विषयातील विशेष क्षेत्र, प्रकाशने, पुरस्कार, प्रकल्प अशी माहिती भरता येते.

‘आयरिन्स’ ही पुढची पायरी होय. पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या सहकार्याने इन्फ्लिबनेटने ती विकसित केली असून शैक्षणिक व संशोधन संस्थांना ती विनामूल्य दिली जाते. ‘विद्वान’मध्ये व्यक्तीचे पान असते, ‘आयरिन्स’मध्ये ती पाने एकत्र येऊन विभागाचे व संस्थेचे चित्र तयार होते. कोणत्या विभागात किती प्रकाशने झाली, सहलेखक कोण, अवतरणे किती, हे आलेखांच्या रूपाने दिसते. ही माहिती अध्यापकाने टंकित करण्याची गरज उरत नाही, हीच या सेवेची सर्वांत मोठी सुधारणा मानली जाते. स्कोपस, ऑर्किड, क्रॉसरेफ, गूगल स्कॉलर यांचे ओळखक्रमांक एकदा जोडले की प्रकाशनांची यादी त्या त्या ठिकाणाहून आपोआप गोळा होऊ शकते.

म्हणजे परिचयवृत्त आता लिहिले जात नाही, गोळा केले जाते. हा फरक लहान नाही. लिहिलेल्या बायोडाट्यात अध्यापक काय सांगावे हे ठरवत होता. गोळा केलेल्या परिचयवृत्तात जे सापडते ते येते आणि जे सापडत नाही ते नव्हतेच असे गृहीत धरले जाते.

नाव आणि क्रमांक

कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या भागात ‘पाटील’ आडनावाचे किती जण असतात, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या हजेरीपटावरून कळते. जाधव, चव्हाण, कांबळे, शिंदे यांचीही तीच स्थिती. त्यात इंग्रजी नियतकालिके लेखकाच्या नावाची आद्याक्षरे तेवढी छापतात. परिणामी ‘एस. बी. पाटील’ या नावाखाली रसायनशास्त्र, मराठी आणि शारीरिक शिक्षण अशा तीन विषयांतील तीन व्यक्तींचे लेखन एकत्र येऊ शकते. गूगल स्कॉलरने २०११ मध्ये लेखकांची पाने सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून हा अनुभव अनेकांना आलेला आहे. स्वयंचलित भरणीचा पर्याय चालू ठेवल्यास दुसऱ्याचे लेख आपल्या पानावर येऊन बसतात. ते काढून टाकण्याची जबाबदारी पान ज्याचे त्याचीच असते. आलेले लेख राहू देणारे महाभागही अर्थातच असतात.

एकाच व्यक्तीच्या नावाची अनेक रूपे होणे ही याच अडचणीची दुसरी बाजू होय. चव्हाण हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते; सावंत, कुलकर्णी, देशमुख यांच्याही स्पेलिंगमध्ये छापणाऱ्यानुसार फरक पडतो. विवाहानंतर आडनाव व मधले नाव बदललेल्या अध्यापिकांचे नुकसान यात सर्वाधिक होते. एम.फिल., पीएच.डी.च्या काळातील लेख माहेरच्या नावाने आणि नोकरीतील लेख सासरच्या नावाने, अशी विभागणी झाली की यंत्राच्या लेखी त्या दोन व्यक्ती ठरतात.

या प्रश्नावर ‘ऑर्किड’ने शोधलेला उपाय म्हणजे नावाऐवजी क्रमांक. ही ना-नफा संस्था ऑक्टोबर २०१२ पासून संशोधकांना विनामूल्य सोळा स्थानांचा ओळखक्रमांक देते. त्यातील शेवटचे स्थान हे आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेले तपासणीचे चिन्ह असते (क्वचित त्या जागी ‘एक्स’ हे रोमन अक्षर येते). त्यामुळे क्रमांक लिहिताना एक अंक चुकला तर संगणकाच्या ते लक्षात येते. नोकरी बदलली, आडनाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. शिवाय ‘अन्य नावे’ या रकान्यात माहेरचे नाव, आद्याक्षरांचे रूप आणि देवनागरीतील पूर्ण नाव अशी सर्व रूपे नोंदविता येतात. हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. वास्तविक आपल्याकडील नावांच्या पद्धतीचा विचार करता तो सर्वप्रथम भरावयास हवा.

आपोआप भरणारी यादी

लेखाला डीओआय क्रमांक असेल तर त्याचे शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष हा तपशील प्रकाशकाने क्रॉसरेफसारख्या संस्थेकडे नोंदविलेला असतो. लेख पाठविताना लेखकाने ऑर्किड क्रमांक दिला आणि प्रकाशकाने तोही नोंदविला, तर लेखकाने एकदा दिलेल्या परवानगीच्या आधारे लेख प्रसिद्ध होताच ऑर्किडच्या पानावर नोंद होते. २०१५ मध्ये ही सोय सुरू झाली. तेथून ती ‘विद्वान’ व ‘आयरिन्स’कडे जाऊ शकते. विज्ञान शाखेतील अध्यापकास यात जवळपास काहीच करावे लागत नाही.

आता मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतील अध्यापकाची स्थिती पाहावी. त्याचा लेख एखाद्या त्रैमासिकात, महाविद्यालयाच्या नियतकालिकात किंवा चर्चासत्राच्या ग्रंथात प्रसिद्ध होतो. नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक असतो, ग्रंथाला आयएसबीएन असतो. परंतु हे क्रमांक संपूर्ण नियतकालिकाचे किंवा ग्रंथाचे असतात. त्यातील एका लेखाला त्यामुळे ओळख मिळत नाही. गावाला पिनकोड आहे, पण घराला नंबर नाही, असा हा प्रकार होय. डॉ. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’ महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनीने २००१ मध्ये कोल्हापुरातून प्रसिद्ध केला. शाहू छत्रपतींवर काम करणाऱ्या कोणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही. अशा प्रकारच्या मराठी ग्रंथासाठी लिहिलेले प्रकरण लेखकाच्या ऑनलाइन यादीत स्वतःहून येण्याची कोणतीही वाट आजच्या यंत्रणेत नाही. ते हातानेच भरावे लागते.

हे सर्व मराठी भाषेमुळे घडते असा समज असेल, तर तो बरोबर नाही. क्रॉसरेफकडे देवनागरीतील शीर्षकाची नोंद करता येते. ऑर्किडमध्ये मूळ शीर्षकासोबत अनुवादित शीर्षक व त्याची भाषा देण्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. अडचण नोंदणीची आहे. डीओआय देण्यासाठी प्रकाशकाला सभासद व्हावे लागते, वार्षिक वर्गणी व प्रत्येक लेखामागे शुल्क भरावे लागते आणि लेखाचा दुवा कायम चालू ठेवण्याची हमी घ्यावी लागते. वर्षाकाठी एक-दोन अंक काढणाऱ्या महाविद्यालयीन नियतकालिकाला हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अंकाच्या छपाईवर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना एकदा करून पाहण्यास हरकत नाही. डीओआय हा गुणवत्तेचा दाखला नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो केवळ पत्ता आहे आणि सुमार लेखालाही पत्ता मिळू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील प्रत्येक शोधनिबंधास दहा, तर विज्ञान गटात आठ गुण निश्चित झाले. म्हणजे कागदावर मराठीच्या अध्यापकावर अन्याय नाही. परंतु २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाची योग्यता ठरविण्याचे काम संस्थांकडे व अध्यापकांकडे आले आहे. अशा वेळी समितीपुढे लेख सहज उघडून दाखविता येणे याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

डीओआय नसलेल्या जुन्या लेखांसाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘झेनोडो’ या भांडारात प्रकाशकाच्या संमतीने लेखाची प्रत ठेवल्यास तिला विनामूल्य डीओआय मिळतो. तो ठेवलेल्या प्रतीचा असतो, हे नोंदीत स्पष्ट करावे. दुसरा मार्ग प्रबंधांच्या बाबतीत आहे. ‘शोधगंगा’ भांडारातील प्रत्येक प्रबंधाला कायमस्वरूपी दुवा असतो आणि त्यात शिवाजी विद्यापीठाचे मराठीतील प्रबंधही आहेत. मार्गदर्शक म्हणून आपले नाव तेथे कोणत्या स्पेलिंगने पडले आहे, हे पाहून तो दुवा स्वतःच्या पानावर देता येतो.

लिपीची अडचण

नोंद हाताने करावयाचे ठरविले तरी आणखी एक अडथळा येतो. २००० च्या दशकातील बहुतेक मराठी लेख श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकित झाले. त्यांतील अक्षरे पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरांची चिन्हेच असतात. जुन्या फाईलमधून शीर्षक उचलून ‘विद्वान’च्या रकान्यात चिकटविले की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. यासाठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच भरावा लागतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालणे आवश्यक ठरते.

युनिकोडमध्येही मराठीच्या वाट्याला काही खास गुंते आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी ते अ आणि वरील चंद्र असे दोन भागांत लिहिले जाई व आजही अनेक कळफलकांवर तसेच लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शोधयंत्र त्यांना दोन भिन्न शब्द समजू शकते. म्हणून शीर्षक देवनागरीत देऊन शेजारच्या अनुवादाच्या रकान्यात त्याचा इंग्रजी अर्थ देणे सोयीचे ठरते. मूळ शीर्षकाच्या जागी केवळ इंग्रजी भाषांतर टाकण्याची पद्धत मात्र घातक आहे, कारण त्या नावाचा लेख ग्रंथालयात कधीच सापडत नाही.

कोणी काय पाहावे

जुन्या बायोडाट्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव, जात-प्रवर्ग, घरचा पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक हे सारे पहिल्याच पानावर असे. तीच फाईल पीडीएफ करून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढविण्याची प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही. ऑर्किडमध्ये प्रत्येक नोंदीसाठी सर्वांना, विश्वासू संस्थांना किंवा केवळ स्वतःला दिसेल असे तीन पर्याय आहेत. याबाबत कायद्याची एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःहून सर्वांसाठी खुल्या केलेल्या माहितीला लागू होत नाही. स्वतःच्या पानावर जन्मतारीख जाहीर करणाऱ्या अध्यापकाला त्या माहितीपुरते या कायद्याचे संरक्षण मागता येणार नाही.

जोडलेल्या सेवा कायम राहतील असेही गृहीत धरता येत नाही. ‘आयरिन्स’ने जोडून घेतलेल्या ओळखक्रमांकांत मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिकचाही समावेश होता, ती सेवा २०२१ च्या अखेरीस बंद झाली आणि तेथील पानांकडे जाणारे दुवे निकामी झाले. ऑर्किडमधील संपूर्ण नोंद मात्र फाईलच्या रूपात उतरवून घेता येते. वर्षातून एकदा, शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस स्वयंमूल्यमापन अहवाल भरावयाच्या सुमारास, ही प्रत उतरवून आपल्या कपाटातील फाईलशी पडताळून पाहिली की कोणते मराठी लेख यंत्राच्या नजरेतून सुटले, याची यादी त्याच बैठकीत तयार होते.