लेकरांच्या नाजूक तक्रारी आणि संकोचाचे अंतर

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावर, नर्मदाकाठी मणिबेली वसलेले आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी महाराष्ट्रात सर्वप्रथम शिरले ते याच गावात. मोठ्या धरणांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्याविरुद्ध १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी काढलेल्या जाहीरनाम्याला याच गावाचे नाव दिले गेले. ती कथा अनेकांना ठाऊक आहे. या काठावरच्या पाड्यांतून दवाखाना गाठायचा तर पाणी आणि डोंगर दोन्ही ओलांडावे लागतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. शासनाने नर्मदाकाठासाठी तरंगता दवाखाना सुरू केला तो याच कारणाने. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत बालकांचे वजन घेण्यासाठी आणि आहार पोहोचवण्यासाठी स्वतः होडी वल्हवीत जात, त्याही याच पाण्यातून.

अशा ठिकाणी लेकरू रात्री कण्हू लागले की घरच्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: सकाळपर्यंत थांबता येईल का? त्याच जिल्ह्यातील बाजारपेठेच्या गावी हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरल्या की दवाखाना. तरीही दुखणे लघवीच्या जागेचे असले, तर ते आठवडाभर घरातच राहते. आई सासूला सांगत नाही, वडिलांच्या कानावर जात नाही, डॉक्टर पुरुष असल्यामुळे मुलीला दाखवायचे टाळले जाते. मणिबेलीत नदी आडवी येते, पेठेत संकोच.

या संकोचाची सर्वांत मोठी किंमत मुलग्यांच्या एका दुखण्यात मोजावी लागते. वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो वाचण्याची आशा झपाट्याने मावळते. लहान वयात हे क्वचित घडते, वयात येताना अधिक. दुखते मात्र पुष्कळदा ओटीपोटात, शिवाय मुलगा लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगतो. घरात ओवा दिला जातो, शेक दिला जातो आणि तास निघून जातात. मुलाला अचानक तीव्र पोटदुखी होऊन ओकारी होऊ लागली, तर अंडकोष पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. तेथे सूज, लाली वा स्पर्शही न सोसणारी वेदना दिसली, तर उजाडण्याची वाट पाहू नये.

म्हणून आंघोळ घालताना हात-पाय-नाक शिकवतो, तशीच या अवयवांचीही नावे मुलाला द्यावीत. ‘शूची जागा’ हा घरगुती शब्द दोन वर्षांच्या बाळाला पुरतो. शाळेत जाऊ लागल्यावर शिश्न, योनी हे शब्दही न हसता, न दटावता सांगता येतात. कोणी नको तेथे हात लावला, तरी ज्याच्यापाशी शब्द आहे तेच मूल ते सांगू शकते. मूल असे काही बोलले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, उलटतपासणी करू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळवणे बंधनकारक केले आहे, आणि १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे. प्रत्येक खाजेमागे असे काही असेल, असा संशय मात्र बाळगू नये. बहुतेक तक्रारी अगदी साध्या असतात.

किंबहुना त्यांतील पुष्कळशा घरच्या अतिउत्साहातूनच उद्भवतात. मुलग्याच्या शिश्नाच्या टोकावरील कातडी जन्मतः चिकटलेली असते. ती हळूहळू आपोआप सुटते; काहींची पहिल्या काही वर्षांत, काहींची थेट वयात येताना. न्हाऊ घालणारी बाई ‘मोकळी करते’ म्हणून तेल घालून ती मागे ओढते, तेव्हा बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो, आणि जो अडथळा नव्हताच तो कायमचा निर्माण होतो. बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे. कातडीखाली दिसणारे पांढरे दाणे पुष्कळदा साचलेला मळ असतो. पू समजून ते पिळू नयेत. मागे गेलेली कातडी परत पुढे येत नसेल आणि टोक सुजत असेल, तर मात्र तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. सहा महिन्यांचा झाला तरी वृषण पिशवीत उतरला नसेल, तर बालशल्यविशारदांना दाखवावे; ‘मोठेपणी उतरेल’ या आश्वासनावर वर्षे घालवू नयेत.

मुलींच्या बाबतीत पहिली भीती जन्मानंतरच्या आठवड्यातच येते. नवजात मुलीच्या अंगावरून पांढरे जाते, क्वचित रक्ताचा ठिपका दिसतो. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि तो आपोआप ओसरतो. पुढे तीन-चार वर्षांनंतर जळजळ आणि लालीची तक्रार वारंवार येते. या वयात तेथील त्वचा फार पातळ असते. सुवासिक साबण, पाण्यात टाकलेले जंतुनाशक, घट्ट नायलॉनची चड्डी, शी धुताना मागून पुढे फिरवलेला हात, एवढ्याने ती चिडते. स्वच्छतेची आवड असलेल्या घरांत हे अधिक घडते, ही त्यातली गंमत. साध्या कोमट पाण्याने पुढून मागे धुणे, अलगद टिपून कोरडे करणे, सैल सुती कपडे. काही दिवसांत फरक पडतो. दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव असेल तर डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे. कधी खेळताना आत गेलेला मणी किंवा कापडाचा तुकडाही कारण ठरतो. लहान मुलींच्या योनीच्या पाकळ्या कधी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. लघवी नीट होत असेल तर त्या बोटांनी सोडवायच्या नाहीत. बहुधा त्या काळाने सुटतात.

रात्री झोपेत शी-शूच्या जागी खाजवणाऱ्या मुलाला कोणी खोडकर म्हणते, कोणी तंबी देते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात गुदद्वार पाहिले, तर पांढऱ्या सुतासारखे बारीक जंत वळवळताना दिसू शकतात. शासनाच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मिळणारी गोळी जरूर घ्यावी. मात्र या सुतासारख्या जंतांसाठी डॉक्टर बहुधा दोन आठवड्यांनी पुन्हा औषध देतात, आणि तेही घरातील सर्वांना. एकत्र कुटुंबात एकाच नातवंडाला औषध देऊन बाकीच्यांना वगळले, की जंत फिरून त्याच्याकडेच येतात. त्यासोबत नखे कापणे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुणेही आलेच.

तान्ह्याच्या लंगोटाखालची लाली हवा, कोरडेपणा आणि झिंकच्या मलमाने बहुधा बरी होते. टाल्कम पावडरीची धूळ श्वासात जाते, म्हणून ती टाळावी. खरी काळजी आहे ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जाणाऱ्या ट्यूबची. खाज, बुरशी आणि जंतू या तिन्हींवर एकच म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली ओसरते, पण नाजूक त्वचा विरळ होत जाते आणि बुरशी पुन्हा फोफावते.

शेवटी लघवीविषयी. सर्दी-खोकला नसताना लहान मुलाला ताप येणे, लघवी करताना रडणे, सुटलेली सवय मोडून पुन्हा चड्डी ओली होणे, या खुणा मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाच्या असू शकतात. शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळण्यासाठी दिवसभर लघवी रोखणारी मुले आणि बद्धकोष्ठ असलेली मुले यांना तो वारंवार होतो. त्यामुळे पोट साफ राहणे हाही उपचाराचाच भाग. घरात उरलेल्या प्रतिजैविकाचा चमचा आधीच दिला गेला, तर लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान हुकते. नमुना आधी द्यावा, औषध नंतर सुरू करावे.